जॉर्जियन नावाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

नागपुरातील कितीतरी घरांत त्बिलिसी, बातुमी आणि कुताइसी ही जॉर्जिया देशातील शहरांची नावे आता सहज उच्चारली जातात, कारण घरातले एखादे मूल तेथे वैद्यकीय शिक्षण घेत असते. माझी भाची त्यांपैकीच एक. तेथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात तिने मला विचारलेले बहुतेक प्रश्न माणसांच्या नावांविषयीचे होते. शोता हे पुरुषाचे नाव कसे, नीनो हे स्त्रीचे कसे, ज्या वर्गमित्राला सगळे ‘दातो’ म्हणतात त्याच्या ओळखपत्रावर ‘दाविथ’ का लिहिलेले असते, असे ते प्रश्न होते. त्यांची उत्तरे शोधताना जी पद्धत हळूहळू हाती लागली, ती येथे मांडतो. तेथे शिकणाऱ्यांना आणि बारशासाठी वेगळे नाव शोधताना जॉर्जियन नावांच्या याद्यांपर्यंत पोहोचणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा.

आरंभीच एक भेद पक्का करावा. शब्दाचा अर्थ ही एक गोष्ट आहे आणि नाव ठेवण्याचे कारण ही दुसरी. नागपूरकराला हा भेद समजावण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. संस्कृत कोशात ‘मिलिंद’ म्हणजे भुंगा. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेनंतर येथील ज्या घरांनी मुलाचे नाव मिलिंद ठेवले, त्यांच्या मनात भुंगा नव्हता. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा मिलिंद त्यांच्या मनात होता, आणि हा राजा म्हणजे ग्रीक मेनान्द्रोस. ग्रीक नाव पालीत आले, पालीतून शतकांनंतर इंदोरा आणि पाचपावलीच्या घरांत आले. केवळ कोश उघडणाऱ्याला ही वाट कधीच दिसणार नाही. जॉर्जियन नावांच्या बाबतीतही आधी नाव कोणत्या वाटेने आले ते पाहावे आणि मगच अर्थाकडे वळावे.

पहिले काम म्हणजे नाव मूळ जॉर्जियन लिपीत मिळवणे. या लिपीत ३३ अक्षरे आहेत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद रोजच्या लेखनात नाही आणि एका अक्षराचा एकच उच्चार असतो. रोमन लिपीत मात्र दोन वेगळी जॉर्जियन अक्षरे अनेकदा एकाच अक्षराने लिहिली जातात आणि तेथेच शोध भरकटतो. तामार आणि दाविथ या नावांतील ‘त’ महाप्राण आहे, म्हणजे तो आपल्या ‘थ’ला जवळचा आहे, दुसरा ‘त’ कंठातील श्वास अडवून, फटकन सोडून उच्चारायचा असतो. या बाबतीत मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, ती अशी की ‘चमचा’मधील एक आणि ‘चहा’मधील दुसरा, असे आपले दोन ‘च’, तसेच ‘जहाज’ आणि ‘जीवन’ यांतील दोन ‘ज’ जॉर्जियन भाषेतही वेगवेगळे असतात, आणि तेथे तर त्यांना स्वतंत्र अक्षरेच आहेत. आडनावांच्या शेवटी येणारा ‘-द्झे’ हा प्रत्यय इतरांना जड जातो. आपण त्यातील व्यंजन ‘जहाज’मधल्या ‘ज’सारखे उच्चारले की काम झाले.

यानंतर पाहायचे ते हे, की हाती आलेले रूप पूर्ण आहे की लाडाचे. जॉर्जियात लाडाची रूपे घरापुरती राहत नाहीत. प्रौढ माणसेही त्यांनीच ओळखली जातात. दाविथचा दातो किंवा दातुना होतो, गिओर्गीचा गिओ, गिया किंवा गोगा, निकोलोझचा नीका किंवा निको, वाख्तांगचा वाखो, इओसेबचा सोसो, तामारची तामुना किंवा तामरिको, केतेवानची केती किंवा केतो, एकातेरिनेची एका. ‘-इको’, ‘-उना’, ‘-उका’ असे शेपूट दिसले, की ते बाजूला करून मूळ नाव शोधावे. शेवटच्या स्वरावरून स्त्री-पुरुष ठरवण्याची सवयही येथे सोडावी लागते. जॉर्जियन भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी एकच सर्वनाम आहे. त्यामुळे इलिया, लुका, लाशा, शोता ही पुरुषांची नावे आहेत, तर नीनो, केतो, वार्दो ही स्त्रियांची. आपल्याकडे ‘नाना’ म्हटले की वडीलधारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. तेथे नाना हे स्त्रीचे नाव आहे आणि चौथ्या शतकातील राजा मिरियानची राणी याच नावाची होती.

आता वाटा पाहू. सर्वांत रुळलेली वाट ख्रिस्ती धर्माची आहे. चौथ्या शतकात पूर्व जॉर्जियातील कार्तलीच्या राज्याने हा धर्म स्वीकारला आणि त्याबरोबर ग्रीक व हिब्रू नावे आली. ‘गिओर्गी’मध्ये ग्रीक भाषेतील ‘भूमी’ आणि ‘काम’ हे दोन शब्द आहेत, म्हणजे अर्थ झाला शेतकरी. दाविथ म्हणजे प्रिय, तामार म्हणजे खजुरीचे झाड. ही दोन्ही हिब्रू नावे आहेत. अलेक्सांद्रे म्हणजे माणसांचा रक्षक, निकोलोझ म्हणजे लोकांचा विजय, आणि इराक्ली किंवा एरेक्ले हा ग्रीक कथांतील हेराक्लेस. मात्र गिओर्गी नाव ठेवताना कोणी शेतीचा विचार करत नाही. मनात असतात संत गिओर्गी, ज्यांचे सण तेथे वर्षातून दोनदा, २३ नोव्हेंबर आणि ६ मे रोजी, साजरे होतात. नीनो या नावामागेही कोशातला शब्द नसून द्राक्षवेलीच्या काड्यांचा क्रूस स्वतःच्या केसांनी बांधून आजच्या तुर्कस्तानातील कापाडोकियाहून आलेली संत नीनो आहे. तिचा सण २७ जानेवारीला असतो.

दुसरी वाट इराणी आहे, आणि मला स्वतःला तीच सर्वांत मोलाची वाटते, कारण ती आपल्याही अंगणातून जाते. वाख्तांग हे नाव प्राचीन इराणी भाषेतील ‘वह्र्क’ आणि ‘तनू’ या शब्दांपासून आले, असे मानले जाते. त्यांची संस्कृत भावंडे म्हणजे ‘वृक’ आणि ‘तनु’. लांडग्यासारख्या शरीराचा, असा तो अर्थ. ज्याने महाभारतात भीमाला ‘वृकोदर’ म्हटलेले वाचले आहे, त्याला हे नाव परके वाटणार नाही. पाचव्या शतकातील राजा वाख्तांगला ‘गोर्गासाली’ हे जे बिरुद मिळाले, त्यातही फारसीतला लांडगा म्हणजे ‘गुर्ग’ आहे, कारण त्याच्या शिरस्त्राणावर लांडग्याचे मस्तक कोरलेले होते असे इतिवृत्त सांगते. राजघराण्यातील बाग्रात हे नाव ‘बगदात’ या रूपावरून आले. ‘बग’ म्हणजे देव, ‘दात’ म्हणजे दिलेला. आपल्या भगदत्ताची घडण हीच आहे. जुन्या राजांमधील मिरदात हा तसाच मित्रदत्त. ही जोडी जुळवण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही, फक्त नाव तोडून त्याचे दोन भाग संस्कृताच्या शेजारी ठेवण्याची सवय लागते.

याच वाटेने पुढे फिरदौसीच्या शाहनाम्यातील वीर जॉर्जियात आले. रुस्तमचा रोस्तोम झाला, सोहराबचा झुराब, बीझनचा बेझान, लोहरास्पचा लुआरसाब, गीवचा गिवी. येथे एक चूक टाळावी. फारसी नाव पाहून माणसाचा धर्म ठरवू नये. कार्तलीचा राजा दुसरा लुआरसाब याने धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत १६२२ मध्ये त्याला मारण्यात आले आणि जॉर्जियन चर्च त्याला संत मानते. नाव मात्र शाहनाम्यातले. नागपूर वसवणारा राजा बख्त बुलंद शाह गोंड होता आणि त्याच्या नावाचे दोन्ही शब्द फारसी आहेत, हे आठवले की पुढची गोष्ट लगेच पटते. मोठ्या दरबाराच्या छायेत राहणाऱ्या राज्यांत त्या दरबाराची नावे रुजतात. अरबी आणि तुर्की नावेही अशीच आली. बद्री म्हणजे पौर्णिमेचा चंद्र, खातुना म्हणजे थोर घरची स्त्री. लाली या नावातला ‘लाल’ म्हणजे माणिक, आणि तो शब्द त्याच अर्थाने जुन्या मराठीलाही ठाऊक आहे.

अस्सल जॉर्जियन नावे ओळखण्यासाठी थोडे शब्द पाठ करावे लागतात, पण त्यांचे फळ लगेच मिळते. ‘म्झे’ म्हणजे सूर्य. त्यावरून म्झिया आणि म्झेकाला, म्हणजे सूर्यकन्या, ही स्त्रियांची नावे झाली. सूर्य आणि स्त्री यांची ही जोडी अकारण नाही, कारण तेथील एका प्रसिद्ध लोकगीतात सूर्याला आई आणि चंद्राला वडील म्हटले आहे. ‘नातेली’ म्हणजे उजेड, त्यावरून नातेला. ‘त्सा’ म्हणजे आकाश, त्यावरून त्सिउरी. ‘इया’ हे एका जांभळ्या रानफुलाचे नाव, तर ‘वार्दी’ म्हणजे गुलाब, त्यावरून वार्दो. पुरुषांत म्गेला म्हणजे लांडगा आणि व्हेप्ख्विया म्हणजे वाघ किंवा बिबळ्या. उचा हे नाव पश्चिम जॉर्जियातील मेग्रेली भाषेतील असून त्याचा अर्थ काळा. आपल्याकडे काळू म्हणतात तसेच. मामुका हे नाव मराठी कानाला मामाची आठवण करून देते, परंतु जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. भाची मला मामा म्हणून हाक मारते, तेव्हा तिच्या मैत्रिणींना हे नाते दर वेळी समजावून सांगावे लागते. ऐकू येणाऱ्या साम्यावरून अर्थ लावू नये, यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

काही नावे काव्यातून आली. बाराव्या शतकाच्या अखेरीस, राणी तामारच्या काळात, शोता रुस्तवेलीने रचलेल्या महाकाव्यातील तारिएल, अवतांदिल, तिनातिन आणि नेस्तान-दारेजान ही पात्रे आजही घरोघरी नावांच्या रूपाने आहेत. यांतील नेस्तान-दारेजान हे फारसी ‘नीस्त अंदर जहान’ या शब्दांचे जॉर्जियन रूप मानले जाते. जगात जिच्यासारखी दुसरी नाही ती. मराठीत अनुपमा म्हणावी अशी. सोव्हिएत काळातील मार्लेनसारखी, मार्क्स आणि लेनिन यांना जोडून घडवलेली नावे वयस्कर माणसांत भेटतात, त्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

वाट सापडली की शेवटचा प्रश्न विचारावा : हे नाव कोणामुळे टिकले? तामार टिकले ते ११८४ पासून १२१३ पर्यंत राज्य करणाऱ्या राणीमुळे, जिला प्रजा ‘मेपे’ म्हणजे राजा याच पदवीने ओळखत असे. तिच्या मुलाचे लाशा हे टोपणनाव अबखाझियाकडील बोलीतले असून त्याचा अर्थ जगाला उजळणारा, असे तेथील इतिवृत्त सांगते. केतेवान हे नाव बहुधा फारसी कतायूनवरून आलेले आहे, परंतु कतायून सांगून केतेवान समजत नाही. पूर्व जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिला शाह अब्बासच्या आज्ञेने १६२४ मध्ये शिराझ येथे छळ करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणला. त्या मठाच्या अवशेषांत उत्खननात सापडलेल्या अस्थीची जनुकीय तपासणी हैदराबादच्या प्रयोगशाळेत झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते अवशेष त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केले. एखाद्या केतीला आपण भारतातून आलो असे सांगितल्यावर ती गोव्याचे नाव काढते, त्यामागे हा इतिहास आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. आडनाव पाहिले तर जुनी, आता क्वचित भेटणारी नावे त्यात जपलेली दिसतात : म्गेलाद्झेमध्ये लांडगा, लोमिद्झेमध्ये सिंह. ‘-द्झे’ म्हणजे मुलगा, ‘-श्विली’ म्हणजे अपत्य. पहिला प्रत्यय मुख्यतः पश्चिमेकडचा, दुसरा पूर्वेकडचा. ‘-इया’ आणि ‘-आवा’ ही सामेग्रेलो प्रांताची, तर ‘-इआनी’ ही प्रामुख्याने स्वानेती प्रांताची खूण. आणि देशाच्या जॉर्जिया या नावाचा उगम संत गिओर्गींमध्ये शोधू नये, जरी ही समजूत फार पसरलेली असली तरी. अभ्यासक त्याचा संबंध फारसीतील ‘गुर्ज’ या जुन्या नावाशी लावतात, आणि तेथील लोक स्वतःच्या देशाला साकार्तवेलो म्हणतात.

एवढे करूनही काही उलगडले नाही, तर त्या व्यक्तीलाच विचारावे. नातवंडाला आजी-आजोबांचे नाव देण्याची रीत तेथेही आहे, त्यामुळे उत्तरात बहुधा एखादी आजी निघते. प्राध्यापकांना किंवा वडीलधाऱ्यांना हाक मारताना आडनावाऐवजी नावाआधी पुरुषासाठी ‘बातोनो’ आणि स्त्रीसाठी ‘कालबातोनो’ लावावे : बातोनो शोता, कालबातोनो नीनो. आपल्याकडे नावापुढे राव किंवा ताई लागते, तेथे मान नावाच्या आधी येतो. नाव विचारताना मोठ्यांसाठी ‘रा ग्ख्वियात?’ आणि बरोबरीच्यांसाठी ‘रा ग्ख्विया?’ असे म्हणावे.