हळदीच्या पानातलं अमूर्त चित्र

आमच्या सांगलीकडे हळदीची शेतं भरपूर. अमूर्त चित्रासाठी, म्हणजे वस्तू न ओळखता नुसते आकार-रंग दिसावेत अशा फोटोसाठी, मला तिच्या पानाइतकं दुसरं काही भावत नाही. ऊन पानामागून येत असताना जवळून फोटो घ्या, शिरा उजळतात. क्रॉप करताना कड, देठ, माती सगळं निर्दयपणे काढा. कड दिसली की नजर ‘हे पान’ म्हणते आणि तिथेच थांबते. मधली शीर कोपऱ्याकडून तिरकी जाऊ द्या. रुंदी-उंची निम्मी केलीत तर २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात. १० इंची प्रिंटला तेवढे पुरतात. मग ९० अंशांत फिरवून पाहा. कृष्णधवल करताना एडिटिंग अॅपमध्ये हिरव्याआधी पिवळ्या रंगाची उजळ-गडद करणारी पट्टी (स्लायडर) हलवा, पानात पिवळा बराच असतो. शार्पनिंग, म्हणजे बारकावे ठळक करणं, शेवटी, अगदी थोडं.