गुहेतील सहस्रपादाची नवी जाती: शोध आणि वर्णन

गुहेत लांब पायांचा, पांढुरका सहस्रपाद दिसला की तो नव्याच जातीचा असणार असे वाटू लागते. परंतु रंग, पायांची लांबी किंवा डोळ्यांचा अभाव यांवरून जाती ठरत नाही. पॉलिडेस्मिडा गणातील सहस्रपादांना तर गुहेबाहेरही डोळे नसतात. जाती ओळखली जाते ती मुख्यतः प्रौढ नराच्या गोनोपॉडवरून, म्हणजे पायांचे रूपांतर होऊन बनलेल्या आणि शुक्राणू मादीपर्यंत पोचवणाऱ्या अवयवावरून.

गुहेत जाण्यापूर्वी नमुने गोळा करण्याची लेखी परवानगी घ्यावी, बूट निर्जंतुक करावेत आणि वटवाघळांच्या शीतनिद्रेचा काळ टाळावा. कुजके लाकूड, वटवाघळांची विष्ठा आणि ओलसर दगडांची खालची बाजू हातानेच तपासावी. सापळे लावू नयेत, कारण गुहेतील सहस्रपादांची संख्या मुळात तुटपुंजी असते आणि सापळा निवड न करता मारतो. नर ओळखण्यासाठी भिंगातून शरीराचे सातवे वलय खालून पाहावे. पॉलिडेस्मिडातील प्रौढ नरात तेथे चालण्याच्या पायांची पुढची जोडी नसते, तिच्या जागी गोनोपॉड असतात. अपरिपक्व नरात नुसता फुगवटा दिसतो.

नमुना 70 ते 80 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. डीएनएसाठी एक-दोन पाय किमान 95 टक्के इथेनॉलमध्ये वेगळे ठेवावेत. गुहा, तारीख, संग्राहक आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर लिहिलेली पेन्सिलची चिठ्ठी कुपीच्या आतच टाकावी, कारण बाहेरची शाई इथेनॉलने पुसली जाते. गोनोपॉड आधी जागेवरच छायाचित्रित करून मगच बारीक सुईने सोडवावेत आणि आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंनी रेखाटावेत.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे: त्या प्रजातीतील (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) सर्व ज्ञात जातींची मूळ वर्णने आणि शक्य तेथे मूळ नमुने तपासून तुलना करणे. डीएनएचा पुरावा उपयोगी असला तरी त्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण एकमेकींपासून तुटलेल्या गुहांमध्ये एकाच जातीच्या समूहांतही बराच जनुकीय फरक पडू शकतो. एकच नर मिळाला तरी वर्णन अडत नाही: 414 पायांच्या इलॅक्मे टोबिनी या जातीचे वर्णन 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका गुहेतील एकमेव नरावरून झाले.

प्रकाशित करताना नवी जाती इतरांपासून वेगळी ठरवणारी लक्षणे द्यावीत, एक नमुना होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार ठरणारा नमुना, म्हणून स्पष्टपणे नेमावा आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला ते नोंदवावे. लेख केवळ ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील पूर्वनोंदणीशिवाय नाव वैध ठरत नाही.