पक्षाघातानंतर समदुःखी सोबती शोधताना या चुका टाळा

अंगावरून वारं गेलं की पहिले काही आठवडे घर माणसांनी भरलेलं असतं. दवाखान्यात डबे येतात, शहाळी येतात, भाऊ-भाचे रात्रीच्या पाळ्या वाटून घेतात. मग डिस्चार्ज मिळतो आणि दोन-तीन महिन्यांत येणं-जाणं आटतं. नेमकं तेव्हाच पेशंटच्या लक्षात यायला लागतं की हात अजून उचलला जात नाही, शब्द ओठांवर येऊन अडकतो, दुपारी बारालाच अंगातलं त्राण संपतं. हे बोलायचं कोणापाशी? ओपीडीत डॉक्टरांच्या दाराशी रांग असते. घरच्यांपुढे बोलावं तर त्यांचे चेहरे पडतात. अशा वेळी ज्याच्या अंगावरून हे गेलंय असा माणूस लागतो.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणारे पेशंट एकमेकांना भेटावेत, बोलावेत यासाठी आम्ही गेली काही वर्षं छोट्या बैठका घेतो. कुठे गाडी अडते, हे तिथे जवळून दिसतं. ज्यांच्या घरी सध्या हे दिवस आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

“जरा बरं होऊ दे, मग भेटू”

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तोंड वाकडं झालंय, बोलताना लाळ गळते, काठी धरून चालावं लागतं. अशा अवस्थेत चार लोकांत कसं जायचं, ही लाज मला समजते. पण पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त असतो. नंतरही सुधारणा होत राहते, फक्त ती सावकाश होते. म्हणजे दुसऱ्याच्या अनुभवाचा उपयोग ज्या काळात सर्वांत जास्त, त्याच काळात माणूस दार लावून बसतो. शिवाय ज्या खोलीत सगळ्यांनाच काठी आहे, तिथे काठीकडे कोणी बघत नाही.

घाई मात्र नको. दवाखान्यातल्या पहिल्या दिवसांत बैठक वगैरे काही नको. त्या वेळी वर्षभरापूर्वी याच वॉर्डातून घरी गेलेला एखादा माणूस स्वतःच्या पायांनी चालत येऊन पाच मिनिटं खाटेजवळ बसला, तरी पुष्कळ.

फक्त आजाराच्या नावावरून जोडी लावणं

“त्यांनाही पॅरालिसिस, यांनाही पॅरालिसिस, भेटू द्या की दोघांना.” इथे सर्वांत जास्त गडबड होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि अनेकांची वाचाही जाते किंवा अडखळते. याला वाचाघात म्हणतात. बुद्धी शाबूत असते, काय म्हणायचंय ते मनात असतं, पण शब्द सापडत नाही. काहींना दुसऱ्याचं बोलणं समजायलाही त्रास होतो, वाचता-लिहिता येत नाही. उजव्या बाजूला इजा झाली तर डावा हात-पाय जातो, बोलणं बऱ्यापैकी स्पष्ट राहतं, पण काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातल्या डावीकडच्या भाजीला हात लागत नाही, चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो, आणि विचारलं तर “मला काय झालंय?” असं उत्तर मिळतं. या दोघांना शेजारी बसवलं तर एक अखंड बोलतो, दुसरा अखंड ऐकतो आणि घरी जाऊन “पुन्हा नाही जायचं” असं खुणेनं सांगतो.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येत. आयुष्यभर वर्गात बोललेल्या बाई, आणि आता “हो”, “नाही” आणि “अगं बाई” एवढंच उरलेलं. मोठ्या बैठकीत ओळख करून द्यायची पाळी जवळ येऊ लागली की त्यांना घाम फुटायचा. मग त्यांची गाठ एका किराणा दुकानदाराशी घालून दिली. त्यांचीही वाचा गेलेली, पण बाईंपेक्षा वर्षभराने पुढे. दोघांच्या मध्ये एक वही, पेन आणि भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर. बाईंनी डाव्या हातानं कसंबसं “ना” लिहिलं. दुकानदार बराच वेळ बघत राहिले, मग बोटं जमिनीपासून दोन फुटांवर धरून भुवया उंचावल्या. बाई हसल्या. नातू! कॅलेंडरवर बोट सरकवत त्याच्या वाढदिवसाची तारीख सांगितली. एवढ्याला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत कोणीही त्यांचं वाक्य पूर्ण करायला धावलं नाही.

म्हणून जोडी लावताना आजाराचं नाव बाजूला ठेवा आणि उरलेली अडचण बघा: वाचा, तोल, हात, थकवा, विसरभोळेपणा. वयही बघा. चाळिशीच्या आतला, घराचे हप्ते डोक्यावर असलेला माणूस सत्तरीच्या आजोबांमध्ये बसला तर त्याचे प्रश्न पोटातच राहतात. कामावर परत घेतील का, गाडी चालवता येईल का, बायकोशी जवळीक पुन्हा कधी, ती करणं सुरक्षित आहे का. हे तो आपल्या वयाच्या माणसालाच विचारेल. दोन तालुके ओलांडून असा एकच माणूस मिळाला आणि महिन्यातून एकदा फोन झाला, तरी माझ्या मते तो पन्नास जणांच्या ग्रुपपेक्षा मोलाचा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचंही तेच. ज्याला अक्षर लागत नाही त्याच्यासाठी तो निरुपयोगी, आणि भरभर बोललेला व्हॉइस मेसेजही त्याच्या डोक्यावरून जातो. अशांना समोरासमोर भेट हवी, नाहीतर व्हिडिओ कॉल. टीव्ही बंद, एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराला भरपूर वेळ. वाचाघात असेल तर सोबतीबरोबर स्पीच थेरपीही हवीच. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती मिळते. तिथवर जाणं जमत नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा.

“तुमचा हात किती दिवसांत हलला?”

पहिल्याच भेटीत हा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून एक जण खचतो. गुठळी कुठे अडली, केवढा भाग गेला, उपचार किती वेळात मिळाले, आधीपासून मधुमेह होता का, यावर सगळं अवलंबून असतं. दोघांचा पक्षाघात एका दिवशी झाला तरी दोघांचे हात एका दिवशी हलणार नाहीत. त्याऐवजी “हात हलत नव्हता तेव्हा तुम्ही शर्ट कसा घालायचात?” असं विचारा.

अशाच प्रश्नांतून खरं धन हाती लागतं. शर्टाची बाही आधी अधू हातात घालायची आणि काढताना चांगल्या हातातून आधी काढायची. काठी चांगल्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय पुढे, उतरताना अधू पाय पुढे. हे आम्हीही शिकवतो, पण वर्षभर जिना चढून आलेल्या माणसानं सांगितलं की ते लवकर अंगवळणी पडतं. बँकेत सही जुळत नाही म्हणून पैसे अडले, तर अंगठ्याचा ठसा चालतो. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ही माहिती मी कितीतरी वेळा एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना पाहिली आहे.

आणि डाव्या हाताचं काय? पंगतीत डाव्या हातानं जेवायचं, प्रसाद डाव्या हातात घ्यायचा, हे आपल्याकडे अजून जड जातं. काही जण तेवढ्यासाठी लग्न-मुंजीला जाणं सोडतात. आमच्या बैठकीत चहा-पोह्यांच्या वेळी पाच-सहा जण निवांत डाव्या हातानं खात असतात. नवा माणूस आधी बघतो, मग आपली बशी पुढे ओढतो. मी किंवा त्याच्या मुलानं कितीही समजावलं तरी हे घडलं नसतं.

पेशंटच्या वतीनं घरच्यांनी बोलणं

“त्यांना नाही सांगता येत, मी सांगते.” प्रेमापोटीच होतं हे. पण सोबत ज्याला हवी तो गप्पच राहतो. त्याहून वाईट म्हणजे “आता त्यांना काही कळत नाही” असं त्याच्यादेखत बोललं जातं. त्याला कळत असतं.

यावर उपाय म्हणजे अर्धा तास दोन वेगळ्या खोल्या. नाहीतर निदान पेशंट आत आणि नातेवाईक व्हरांड्यात. सांभाळणाऱ्यांचं दुःख निराळं असतं आणि त्यांनाही त्यांच्यासारखी माणसं हवी असतात. सलग झोप नाही, नोकरीत रजा उरलेली नाही, सासऱ्यांची अंघोळ घालायची वेळ आली, नवरा क्षुल्लक कारणावरून ओरडतो. हे पेशंटसमोर बोलता येत नाही. पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना रडू कोसळतं, किंवा भलत्या वेळी हसू येतं. हा मेंदूच्या इजेचा परिणाम असतो. “माझे पण असेच रडायचे, त्या वेळी विषय बदलायचा, पाणी द्यायचं, मनाला लावून घ्यायचं नाही,” असं एका बायकोनं दुसरीला सांगितलं की तिचा जीव भांड्यात पडतो.

औषधांची देवाणघेवाण

या बाबतीत मी अगदी कडक आहे. बैठकीत गोळ्यांची नावं घ्यायची नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. कोणाला पक्षाघात मेंदूत गुठळी अडकून झालेला असतो, कोणाला रक्तवाहिनी फुटून. गुठळी होऊ नये म्हणून एकाला दिलेलं रक्त पातळ करणारं औषध दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. “मी बीपीची गोळी बंद केली, काही झालं नाही” हे वाक्य तर मी सरळ मध्येच थांबवते.

कबुतराचं रक्त चोळणं, अमुक गावची मुळी, तमुक वैदूचा लेप, अधू खांदा ओढून केलेली जोरदार मालीश, यांचा सल्ला आजही चांगली शिकलेली माणसं देतात. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असताना हात ओढला तर सांधा निसटतो आणि महिनोन्‌महिने दुखतो. ग्रुपमध्ये कोणी महागडी पावडर, मशीन किंवा “खात्रीचा कोर्स” विकायला लागलं तर त्याला काढून टाका. भिडेखातर ठेवू नका.

आणि ग्रुपवर कधीच विचारू नये असा एक प्रश्न आहे: “आज पुन्हा तोंड वाकडं वाटतंय, काय करू?” तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं बोबडं होणं, एकाएकी तोल जाणं किंवा दिसेनासं होणं यातलं काहीही दिसलं तर थेट १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. बोटांना सुई टोचून रक्त काढा, असा मेसेज फिरतो. त्यात फक्त हा वेळ वाया जातो.

“आमच्या गावात असा ग्रुपच नाही”

नसेलच. बहुतेक तालुक्यांत नाही. पण माणसं आहेत. फिजिओथेरपीच्या बाकावर तुमच्या आधीचा नंबर कोणाचा असतो? आपल्या थेरपिस्टला सांगा, “माझ्यासारखा कोणी असेल तर त्यांना विचारून माझा नंबर द्या.” दुसऱ्याचा नंबर मागण्यापेक्षा आपला पुढे करणं चांगलं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांनाही हेच सांगता येतं. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीच्या दिवशी अशी कितीतरी कुटुंबं तासन्‌तास एकाच व्हरांड्यात बसलेली असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं वाचादोषाचं अपंगत्वही धरलेलं आहे, हे अनेकांना तिथेच शेजारच्याकडून कळतं. २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो. त्या सुमारास रुग्णालयांत कार्यक्रम होतात, तिथेही ओळखी होतात.

नमुना हवा असेल तर पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे बघा. आजार वेगळा, पण पेशंट आणि नातेवाईक मिळून एक मंडळ किती नेटानं चालवू शकतात, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

पहिली भेट फसली तर

आपल्याहून जास्त त्रास असलेली माणसं पाहून काही जण हादरतात. घरी येऊन जेवत नाहीत. एकदा असं झालं म्हणून सोडू नका. पुढच्या वेळी फक्त एकाच माणसाला भेटा. दोन-तीन भेटींनंतरही मन आणखी खाली जात असेल तर ती संगत तुमच्यासाठी नाही, दुसरी शोधा. त्यात कोणाचा अपमान नाही.

मात्र रोज उदास वाटणं, व्यायामाला नकार, झोप उडणं, “मला नेत का नाही” असं वारंवार म्हणणं हे सोबतीनं भागणारं दुखणं नाही. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी नैराश्य येतं आणि त्यावर औषधोपचार आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता जे स्वतः पहिली बैठक बोलावणार आहेत, त्यांच्यासाठी. जागा तळमजल्यावरची आणि दाराशी रिक्षा येईल अशी हवी. कमोडची सोय आधी स्वतः जाऊन बघा. नुसत्या “आहे” या उत्तरावर विसंबू नका. खुर्च्या हात असलेल्या, प्लास्टिकच्या हलक्या नकोत, उठताना मागे सरकतात. वेळ सकाळी दहाची, संध्याकाळची नाही, आणि तासाभरात संपवा, कारण हा थकवा झोपेनंही लवकर भरून निघत नाही. माइक नको, भाषण नको, पाहुणे डॉक्टर तर पहिल्या वेळी अजिबात नकोत. नाहीतर सगळे त्यांनाच प्रश्न विचारतात. गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी चहा-पोह्यांबरोबर काय चालेल, ते घरच्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. चार जण आले तरी बैठक घ्या, आणि उठायच्या आधी पुढची तारीख सगळ्यांसमोर ठरवून प्रत्येकाच्या कॅलेंडरवर लिहायला सांगा.