उजळाईवाडीच्या पावसात सेसना सांभाळताना

उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, असलेलं आमचं विमान म्हणजे 1974 सालची सेसना 172, तिघांत मिळून घेतलेली. माझी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, ऑइल इंजिनांचे हेड आणि बोअर करण्यात गेली. त्यामुळं पहिल्यांदा काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं तेव्हा वाटलं, यात काय एवढं? चार सिलिंडर, हवेवर थंड होणारं, 150 हॉर्सपॉवरचं लायकमिंग ओ-320 इंजिन. आमचा फोरमन तर म्हणाला, "मालक, हे आपल्या पंपाच्या इंजिनाचं चुलतभाऊच की!" त्या भ्रमाची किंमत आम्ही पुढच्याच वर्षी मोजली.

झालं असं, की जूनपासून पावसानं उडणं बंद. इंजिन जाम होऊ नये म्हणून मी दर रविवारी पंधरा मिनिटं ते चालू ठेवायचो आणि मधल्या वारी हातानं पुढच्या पंख्याचे (प्रोपेलरचे) दोन फेरे मारायचो. शेतावरच्या इंजिनाला हे चालून जातं. इथं अंगाशी आलं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या वर असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून तळाला जातं. पंधरा मिनिटांत तेल नुसतं कोमट होतं आणि पेट्रोल जळून झालेलं पाणी वाफ होऊन बाहेर न जाता आतच साठतं. हातानं पंखा फिरवला की उरलासुरला थरही पुसला जातो. कोल्हापूरचा जुलै म्हणजे कपाटातल्या कोल्हापुरी चपलेलाही बुरशी येते, मग उघड्या लोखंडाचं काय! कॅमवर गंजाचे खड्डे पडले आणि त्याच्यावर घासणाऱ्या टॅपेटनं तो भाग खरवडून काढला.

म्हणून महिन्यातून एकदा तरी तासभर उडवा, तेल 75 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं पाहिजे. जमणार नसेल तर चालूच करू नका, सरळ बांधून ठेवा. आम्ही जूनच्या आधी शेवटचं उड्डाण गंजरोधक तेलावर करतो. सिलिंडरांत त्याच तेलाचा फवारा मारतो आणि वरच्या प्लगांच्या जागी सिलिका जेलचे पारदर्शक प्लग बसवतो. एक्झॉस्ट आणि ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची) तोंडं बंद करतो. पंख्यावर पाटी: "फिरवू नका". जेल निळं असतं, ओल धरली की गुलाबी होतं. दर आठवड्याला बघा, निम्मं गुलाबी झालं की बदला. वाळवायला घरातली कढई नको, ते जेल विषारी असतं.

आमची चूक उघड झाली ती तेलाच्या फिल्टरमुळं. तेल आणि फिल्टर दर 50 तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचं. पण जुना फिल्टर टाकून देऊ नका, कापून बघा. मी पहिल्यांदा हॅकसॉनं कापायला गेलो, तर बारामतीहून येणारे लायसन्सवाले इंजिनिअर ओरडले, "काका, करवतीचाच चुरा आत पडणार, मग इंजिनाचा कुठला ओळखायचा?" त्यासाठी डबा उघडायच्या चावीसारखा कटर मिळतो. आतला कागद उलगडा, स्वच्छ पेट्रोलमध्ये खळबळा आणि त्यातून चुंबक फिरवा. चिकटलं ते पोलाद. आमच्या चुंबकाला बारीक मिशा फुटल्या होत्या.

कंप्रेशनची चाचणी मला सगळ्यात आवडते. गरम इंजिनाच्या सिलिंडरात 80 पीएसआय दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते बघायचं. 60 च्या खाली आकडा म्हणजे काळजी. आकड्याइतकाच आवाजही महत्त्वाचा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. पंखा मात्र एकानं घट्ट धरलेला पाहिजे. एरवीही पंखा नेहमी जिवंतच समजा. प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असेल तर चावी खिशात असूनही इंजिन पेटू शकतं.

पेट्रोलचं सांगायचं तर 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं. 2022 पासून इंडियन ऑइल ते देशातच बनवतं. पावसात टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की पाणी आत झिरपतं. रोज सकाळी दोन्ही पंखांखालून आणि स्ट्रेनरमधून (पेट्रोलच्या गाळणीतून) नमुना काढा. पाणी तळाला काचेच्या गोटीसारखं बसतं. पण बाटलीभर पाणीच आलं तर ते स्वच्छ दिसून फसवतं, म्हणून पांढऱ्या कागदासमोर धरून निळा रंग बघा. या इंजिनाला मुळात 80 ऑक्टेनचं, कमी शिशाचं पेट्रोल पुरायचं. आताच्या शिशानं खालचे प्लग माखतात. जमिनीवर चालताना मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) ठेवा आणि साफ करताना वरचे प्लग खाली, खालचे वर करा.

उद्यमनगरवाल्यांना एक सांगतो, कारण मोह मलाही झाला होता. एखादं बुश आपल्या लेथवर कंपनीपेक्षा सरस निघेल, किंमतही किरकोळ. तरी नाही चालत. प्रत्येक भागाला त्याचा कागद लागतो आणि लायसन्सवाल्याची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. आम्ही हत्यारं पुसतो, काऊलिंग काढतो, डोळ्यांसमोर काम शिकतो. सही त्यांची.

पैशाचं आम्ही भिशीसारखं केलंय. हँगर, विमा आणि दरवर्षीची तपासणी तिघांत सारखी, उडालो नाही तरी. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधणं, 2000 तासांना किंवा 12 वर्षांना येतं, म्हणून उडालेल्या तासागणिक ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात. भिशीत उधारी नाही, इथंही नाही.

सप्टेंबरात उघडताना आधी वेग दाखवणारी पिटो नळी आणि डाव्या पंखाखालचं टाकीचं व्हेंट (हवा जायचं भोक) बघा. कुंभारमाशी तिथं मातीचं घर करते. मग सीटचे रूळ. त्यांची भोकं झिजून लांबट झाली असतील तर उडताना सीट मागं सरकते आणि पायलट नकळत स्टिअरिंग पोटाशी ओढतो. शेवटी बुचांना आणि झाकणांना लावलेल्या लाल फिती मोजा. आमच्या सात आहेत, सातही हातात आल्याशिवाय चावी कुणालाच मिळत नाही.