जांभळी नाक्यावर स्केचिंग करायचंय?
आधी जॉन लॉकवूड किपलिंगची चित्रं नेटवर बघा. हा मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत १८६५ पासून शिकवायचा आणि १८७० मध्ये उत्तर भारतात फिरून त्याने कारागिरांची चित्रं काढली, त्यातला सिमल्याचा लाकूड कोरणारा तर बघाच, हत्यार कसं धरलंय ते. मग ठाण्यात जांभळी नाक्याला सकाळी लवकर जा, नंतर गर्दीत वही उघडायलापण जागा नसते. फुलवाल्या मावशींना आधी विचारा, "मावशी, चित्र काढू का?" आणि गजरा घ्याच. पहिले पाठीचा बाक एका रेषेत, मग दोरा ओढणारी बोटं, तीच हालचाल परत परत येते त्यामुळे घाई नको. खोडरबर घरीच ठेवा, माझं अर्धं पान त्यातच फाटलं. रंग घरी येऊन.