स्नायू फाकलेत की हर्निया? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर या चुका टाळा

बाळंतपणाला वर्ष होऊन गेलं तरी पोट पुढेच दिसतं, उठून बसताना बेंबीच्या वर उंचवटा येतो, आणि कुणीतरी ‘हर्निया झालाय’ म्हणून मोकळं होतं. इथेच पहिली चूक होते. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंना मधोमध एक पांढरा, चिवट पडदा जोडून ठेवतो. तो ताणून रुंद झाला की स्नायू फाकतात. त्याला भोक पडून आतली चरबी किंवा आतडं बाहेर आलं की तो हर्निया. कापडाची वीण सैल होणं वेगळं, कापड फाटणं वेगळं. नुसते स्नायू फाकले असतील तर आतडं अडकायची भीती नसते, हर्नियात असते.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, डोकं आणि खांदे जरासे उचला आणि मध्यरेषेवर बोटं आडवी ठेवून चाचपा. लांबट उभा उंचवटा उठला आणि बोटं दोन कडांच्या मधे रुतली, तर स्नायू फाकलेत. साधारण 2 सेंटीमीटरच्या वरचं अंतर जास्त धरतात. एकाच जागी गोल गाठ असेल, खोकल्यावर फुगत आणि आडवं झाल्यावर आत जात असेल, तर हर्नियाचा संशय घ्यायचा.

पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात आणि खरा घोळ तिथेच होतो. गाठ बेंबीची म्हणून तेवढंच भोक टाके घालून बंद केलं जातं. पण टाके बसतात ते आधीच विरलेल्या पडद्यात, त्यामुळे हर्निया परत यायची शक्यता वाढते. म्हणून शस्त्रक्रिया ठरवतानाच विचारा: स्नायूंमधलं अंतर मोजलंय का? स्नायू जवळ आणून शिवणार का? जाळी, म्हणजे भोकावर आधाराला लावतात ती कृत्रिम धाग्यांची पट्टी, कुठे बसवणार? बेंबीचं भोक 1 सेंटीमीटरपेक्षा मोठं असेल तर सहसा जाळी लावलेलीच बरी. ती पोटाच्या आतल्या बाजूने लावली तर आतड्याला चिकटू नये म्हणून खास थराची लागते. स्नायूंच्या मागे लावली तर आतड्याशी संबंध येत नाही, पण काम किचकट आणि सरावाचं. स्नायूंच्या वर, कातडीखाली लावली तर तिथे पाणी साचण्याचं प्रमाण जास्त. सगळ्यांना एकच पद्धत चालते असं सांगणाऱ्यापासून जरा सावध राहा.

‘दुर्बिणीतून आहे, म्हणजे किरकोळ’ हाही गैरसमज. बाहेर छिद्रं छोटी असली तरी आत बरगड्यांच्या खालपासून ओटीपोटापर्यंत शिवण घातलेली असू शकते. भूल पूर्ण असते. पोट गॅसने फुगवल्यामुळे नंतर खांदा दुखू शकतो, तो सहसा काही दिवसांत थांबतो. आणि लोंबणारी कातडी यात निघत नाही. ती काढायची तर मोठा छेद घ्यावाच लागतो. सपाट पोटाची आशा धरून आलेल्यांचा हिरमोड इथे होतो.

घाई नको. बाळंतपणानंतर निदान सहा महिने जाऊ द्या, त्या काळात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करा. ज्या व्यायामात पोट मधोमध टोकदार वर येतं तो सध्या बंद. आणखी मूल हवं असेल आणि हर्निया त्रास देत नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेली बरी. सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडा, साखर आटोक्यात आणा. जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणं यांवर आधी उपचार घ्या, नाहीतर प्रत्येक कुंथण्याचा ताण नव्या शिवणीवर येतो.

पोटाला बांधायच्या पट्ट्याने आधार वाटतो, हर्नियाचं भोक मात्र बुजत नाही. पट्टा बांधून वर्षानुवर्षं काढणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: गाठ कडक झाली, आत जाईना, सणकून दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा वरची कातडी लाल-निळी पडली, तर दाबत बसू नका. काही न खाता-पिता तडक इस्पितळ गाठा.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा फुगवटा दिसला की लोक हबकतात. बहुतेक वेळा तिथे पाणी साचलेलं असतं. सोनोग्राफीत ते कळतं, आणि बरंचसं काही आठवड्यांत आपोआप जिरतं. कुठेतरी जाऊन सुई टोचून ते काढून घेऊ नका. जंतू आत गेले तर जाळीच काढायची पाळी येऊ शकते. ताप आला, जागा लाल-गरम झाली किंवा पू येऊ लागला, तर मात्र ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे त्याच दिवशी जा.