दुकानाच्या पाटीवर जुन्या वळणाचा ठळक, नक्षीदार फॉन्ट कसा वापरावा

मोंढ्यातील आडत दुकानापासून रसवंतीपर्यंत सर्वांनाच हल्ली रंगाऱ्याच्या हातचे वाटेल असे जुन्या वळणाचे जाड अक्षर हवे असते. फॉन्ट निवडण्यात फारसे अवघड काही नाही. मुंबईच्या लोकल स्थानकांवरील रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला ‘यात्रा वन’ किंवा जाड-बारीक रेषांत टोकाचा फरक असलेला ‘रोझा वन’ मोफत मिळतो आणि व्यावसायिक कामालाही चालतो. या अक्षरात केवळ दुकानाचे नाव बसवावे. पत्ता आणि मोबाइल क्रमांक साध्या अक्षरात ठेवावेत.

खरी परीक्षा जोडाक्षरांची असते. परभणीत मी एकदा १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स दुकानावर चढवला, तेव्हा शिडीखाली उभ्या असलेल्या मालकांनी शांतपणे विचारले, “भाऊ, आमचे शेतकरी बदलले की काय?” ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दात ‘य’च्या डाव्या अंगाला हवी असलेली चंद्रकोर नव्हती आणि त्याच्या डोक्यावर रफार बसला होता. दुसरा फ्लेक्स अर्थातच माझ्या खर्चाने छापला गेला.

चूक टंकनातच झाली होती. साधा ‘र’, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि ‘य’ टंकल्यास ‘सूर्य’मधला रफार मिळतो, चंद्रकोरीसाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो, जो इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबल्यावर येतो. एवढे करूनही टिंब आणि हलन्त सुटे दिसू लागले, तर तो फॉन्ट कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. दुसऱ्या फॉन्टातील चंद्रकोर कापून चिकटवण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु रेषेची जाडी जुळत नाही आणि ते ठिगळ रस्त्यापलीकडूनही ओळखू येते. ‘ॲग्रो’मधील ‘ॲ’चीही हीच कथा आहे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणसंचात, २००८ साली आला, त्यामुळे ज्या फॉन्टात तो नसतो तेथे चौकोन दिसतो किंवा संगणक गुपचूप दुसऱ्याच फॉन्टातील किरकोळ ‘ॲ’ आणून बसवतो. म्हणून मापे घेण्यापूर्वीच ‘शेतकऱ्यांचे ॲग्रो, ज्वेलर्स, कृषी केंद्र, वऱ्हाड’ एवढे टंकून पाहावे.

नाव आखूड पडले म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण शिरोरेषा तुटते. आडवे ताणूही नये, त्यापेक्षा अक्षरांचा आकार वाढवावा आणि वरच्या वेलांट्यांसाठी, खालच्या उकारांसाठी जागा राखावी. किनार द्यायची असल्यास ती अक्षराच्या मागे द्यावी, अन्यथा ‘ब’ आणि ‘ष’ यांची पोटे बुजतात. सावली एकाच बाजूला पुरे.

छपाईला पाठवताना मजकूर कर्व्ह करावा, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करावे, आणि कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण मोबाइल क्रमांक बदलल्याचा निरोप हमखास दुसऱ्या दिवशी येतो.